शाळेच्या वीजपेटीची क्षमता व तिचा पुरावा
(सामान्य विज्ञान, गणित व व्यवहार यांचा समवाय पाठ : इयत्ता सहावी व सातवी)

प्रास्ताविक

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याची साधने आता खेडोपाडी येऊ लागली आहेत. काही शाळांच्या छपरांवर ती बसली आहेत, काहींच्या छपरांवर ती बसविण्याचा विचार शाळा व्यवस्थापन समित्या करीत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाल्यापासून विद्यार्थ्यांच्या घरांतही हा विषय बोलला जातो. तेव्हा ज्या साधनाचा संबंध शाळेशी आणि घराशी असा दुहेरी येतो, त्याचे निदान प्राथमिक ज्ञान शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

छपरावरील काळ्यानिळ्या तावदानांकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु ज्या लहानशा पेटीतून ती वीज शाळेत खेळावयाची, त्या भिंतीवरील पेटीकडे सहसा कोणी पाहत नाही. निरीक्षणाच्या वेळी प्रश्न विचारला जातो तो नेमका त्या पेटीविषयी. असा एक प्रसंग कल्पावा : एका शाळेस ३ किलोवॉटचा सौर संच देणगी म्हणून मिळाला आहे. ठेकेदाराने तो एप्रिलमध्ये बसवून दिला आहे. निरीक्षणास आलेले अधिकारी छपरावरील काम पाहून समाधानी होतात आणि खाली येऊन साधा प्रश्न विचारतात, “ही पेटी किती अँपिअरची?” मुख्याध्यापक मेन स्विचवरील अंकाकडे बोट दाखवून सांगतात, “चाळीस.” अधिकारी म्हणतात, “तो अंक स्विचचा झाला. पेटीचा कोणता?” या प्रश्नास कोणाकडेच उत्तर नसते. पेटीवर पाटी नाही, कपाटात कागद नाही, पेटी बसविणारा तारतंत्री गाव सोडून गेलेला. संच जोडल्यावाचून राहतो, आणि भर उन्हाळ्याचे दिवस, ज्या दिवसांत त्याने सर्वांत अधिक वीज दिली असती, ते वाया जातात.

येथे अधिकाऱ्याचा आग्रह हा केवळ कागदी आग्रह आहे काय, की त्यामागे काही शास्त्र आहे? ते शास्त्र समजून घेणे, आणि तसा पुरावा शाळेने आधीच कसा सिद्ध ठेवावा हे पाहणे, हा या पाठाचा उद्देश आहे.

शब्दांचा घोटाळा

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘पॅनेल’ हा शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंस लावला जातो. छपरावरील तावदानास सौर पॅनेल म्हणतात, आणि भिंतीवरील ज्या पेटीत मेन स्विच व लहान स्विचांची रांग असते त्या पेटीसही पॅनेल म्हणतात. पहिल्याची क्षमता वॉटमध्ये सांगतात, दुसऱ्याची अँपिअरमध्ये. या पाठात पहिल्यास सौर पॅनेल व दुसऱ्यास वीजपेटी असे म्हटले आहे. गावात तिला ‘डीबी’ किंवा ‘मेन बोर्ड’ही म्हणतात.

वीजपेटीच्या आत तीन प्रमुख भाग असतात. पहिला, मीटरकडून आलेली तार जेथे प्रवेश करते तो मुख्य स्विच. दुसरा, वर्गखोल्यांकडे जाणाऱ्या तारांवरचे लहान स्विच. हे दोन्ही हल्ली एमसीबी प्रकारचे असतात, म्हणजे ठरावीकापेक्षा अधिक प्रवाह काही काळ वाहिला की ते आपण होऊन पडतात. तिसरा भाग म्हणजे या दोहोंना जोडणारी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. तिला बसबार म्हणतात. झाकण लावले की ती दिसत नाही, म्हणूनच तिचा विसर पडतो. या पट्टीवर कोणताही पहारेकरी नसतो. ती स्वतः कधी ‘पडत’ नाही, ती फक्त तापते.

साकवाचा दृष्टान्त

ही गोष्ट मुलांस समजावून देताना गावचा साकव दृष्टीसमोर आणावा. समजा, वहाळावर एक साकव आहे आणि त्यावरून एका वेळी चाळीस माणसांनीच जावे असे ठरले आहे. साकवाकडे एकच वाट येते. त्या वाटेवर एक पहारेकरी बसविला आणि त्याला “चाळिसांपेक्षा अधिक माणसे सोडू नकोस” असे सांगितले, तर साकव सुरक्षित राहील. आता साकवाच्या त्याच तोंडाशी दुसऱ्या वाडीकडून नवी वाट आणून मिळविली. तिच्यावरही पहारेकरी ठेवला, आणि त्याला “विसांपेक्षा अधिक सोडू नकोस” असे बजावले. दोघेही पहारेकरी प्रामाणिक आहेत. पहिला चाळीस मोजून सोडतो, दुसरा वीस मोजून सोडतो. परंतु साकवावर मात्र साठ माणसे चढतात. दोघांपैकी कोणाचीही चूक नाही आणि साकव मोडतो. कारण बेरीज करणारा कोणीच नाही.

पहिली वाट म्हणजे महावितरणकडून येणारी वीज, दुसरी वाट म्हणजे सौर संचाकडून येणारी वीज. पहारेकरी म्हणजे त्या त्या वाटेवरील एमसीबी. साकव म्हणजे बसबार. सौर संच येण्यापूर्वी मुख्य स्विचच बसबारचे रक्षण करीत होता, म्हणून बसबारची क्षमता कोणी विचारीत नव्हते. दुसरी वाट उघडताच ती विचारणे भाग पडते. निरीक्षकाच्या प्रश्नाचे मर्म हे आहे.

उष्णतेचा नियम

विद्युत्‌प्रवाह, दाब व रोध यांचा संबंध १८२७ साली ग्रंथरूपाने मांडणारे गेओर्ग ओम हे जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. शाळामास्तराच्या हातून घडलेल्या या कार्यामुळे पुढील सर्व हिशेब शक्य झाला. त्यानंतर इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी १८४१ साली असे दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

‘वर्गाच्या प्रमाणात’ या शब्दांवर भर द्यावा. प्रवाह चाळीसावरून साठ अँपिअर झाला, म्हणजे दीडपट झाला, तर उष्णता दीडपट होत नाही. १.५ चा वर्ग २.२५, म्हणून ती सव्वादोनपट होते. पट्टी तापली की तिचे स्क्रू सैल होतात. सांधा सैल झाला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. असे हे चक्र चालू राहते. जेथे पेटीशेजारी पुस्तकांचे लाकडी कपाट आहे, तेथे या चक्राचा शेवट काय होऊ शकतो हे सांगावयास नको.

येथे एखादा हुशार विद्यार्थी शंका काढील : शाळेचा भार मुळात थोडा, मग साठ अँपिअर प्रवाह वाहणार कोठून? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही द्यावे. आजचा भार थोडा आहे हे खरे. परंतु शाळा ही गावाची वास्तू असते. स्नेहसंमेलनाच्या रात्री मांडवाचे दिवे शाळेच्या पेटीवरून लागतात, निवडणुकीत मतदान केंद्र येथेच भरते, पुरात वा वादळात गावकऱ्यांस आसरा येथेच मिळतो. जे रोज घडते त्यापुरते रक्षण पुरेसे नसते. जे घडू शकते त्याच्यापासून रक्षण करावे लागते.

हिशेब

आता वर कल्पिलेल्या शाळेचाच हिशेब करून पाहू. हा हिशेब फळ्यावर पायरीपायरीने मांडावा.

पहिली पायरी : सौर संच ३ किलोवॉटचा, म्हणजे ३,००० वॉटचा आहे. दाब २३० व्होल्ट. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ३,००० ÷ २३० = सुमारे १३ अँपिअर.

दुसरी पायरी : सूर्य तासन्‌तास तळपतो, म्हणून हा प्रवाह दीर्घकाळ वाहतो. त्यासाठी चौथाई भाग अधिक धरण्याची रीत आहे. १३.०४ × १.२५ = १६.३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी किंचित अपुरा, म्हणून त्यापुढचा, म्हणजे २० अँपिअरचा घ्यावयाचा.

तिसरी पायरी : मुख्य स्विच ४० अँपिअरचा आहे. दोहोंची बेरीज ४० + २० = ६० अँपिअर.

चौथी पायरी : ही बेरीज बसबारच्या क्षमतेशी ताडून पाहावयाची. बसबार ६३ अँपिअरचा असेल तर ६० हे ६३ पेक्षा कमी आहेत, पेटी चालेल. बसबार ४० अँपिअरचाच असेल तर पेटी चालणार नाही. बसबार किती अँपिअरचा हेच ठाऊक नसेल, तर निरीक्षकास ती चालेल असे म्हणता येत नाही. तिसऱ्या स्थितीत नकार मिळतो तो पेटी वाईट आहे म्हणून नव्हे, ती चांगली असल्याचे सिद्ध करता येत नाही म्हणून.

सौर संचातील इन्व्हर्टर स्वतः १३ अँपिअरहून फारसा अधिक प्रवाह देत नाही, मग वीस का धरावे, असा प्रश्न येईल. उद्या कोणी मोठा इन्व्हर्टर त्याच स्विचवर जोडला, तर त्यास अडविणारा अंक वीसच आहे. म्हणून पहारेकऱ्याचा अंक धरणे ही सुरक्षित रीत होय. अमेरिकेतील विद्युतसंहितेत यासाठी वेगळी रीत सांगितली आहे : सौर स्विच मुख्य स्विचच्या विरुद्ध टोकास बसविला असेल, तर इन्व्हर्टरच्या प्रवाहाची सव्वापट व मुख्य स्विच यांची बेरीज बसबारच्या क्षमतेच्या १२० टक्क्यांपर्यंत चालते. माहितीपुस्तकांतून व चित्रफितींतून हा ‘१२० टक्क्यांचा नियम’ आपल्याकडेही कानावर येतो. परंतु तो त्या देशातील पेट्यांच्या घडणीस धरून आहे. येथील निरीक्षणात तो पुढे करू नये. साधी बेरीज हीच आपली वाट.

पेटी अपुरी ठरल्यास

बसबार ४० अँपिअरचा निघाला म्हणजे नवी पेटीच घ्यावी लागेल, असे नाही. प्रथम शाळेचा खरा भार मोजावा. पंखे १०, प्रत्येकी ७५ वॉट, मिळून ७५०. एलईडी नळ्या १२, प्रत्येकी २० वॉट, मिळून २४०. संगणक ३, प्रत्येकी १५० वॉट, मिळून ४५०. दूरचित्रवाणी संच वा प्रक्षेपक २५०. पाण्याचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ६००. एकूण २,२९० वॉट. २३० ने भागल्यास सुमारे १० अँपिअर होतात. पंखे व पंप यांसारख्या यंत्रांमुळे थोडा अधिक प्रवाह लागतो हे लक्षात घेऊनही १३ अँपिअरच्या वर तो जात नाही.

मग या शाळेस ४० अँपिअरचा मुख्य स्विच हवाच कशाला? त्याऐवजी २० अँपिअरचा बसविला तर बेरीज २० + २० = ४० होते, आणि ४० अँपिअरचा बसबार तेवढ्यापुरता पुरा पडतो. नव्या पेटीच्या खर्चाच्या मानाने एका स्विचचा खर्च क्षुल्लक आहे. मात्र पुढे खोल्या वाढणार असतील, तर आजच मोठी पेटी घेणे शहाणपणाचे. तिसरा मार्ग असा की, सौर संचाची तार पेटीत न आणता मीटर व पेटी यांच्या दरम्यान स्वतंत्र स्विचमधून जोडावी. त्यास महावितरणची संमती लागते, आणि त्या जोडाच्या पुढील तारेचाही असाच बेरजेचा हिशेब द्यावा लागतो. कोणता मार्ग घ्यावयाचा हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराने ठरवावे. शिक्षकाने हिशेब समजून घ्यावा व योग्य तो प्रश्न विचारावा. पेटीचे झाकण त्याने स्वतः उघडू नये आणि विद्यार्थ्यांस तर तिच्या जवळही जाऊ देऊ नये.

पुरावा कशास म्हणावे

व्यवहारात पुष्कळदा ज्यास पुरावा समजतात तो पुरावा नसतो.

मुख्य स्विचवरील अंक हा पेटीचा पुरावा नव्हे. त्यावर ‘सी ४०’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ तो एमसीबी ‘सी’ जातीचा व ४० अँपिअरचा आहे एवढाच. त्याच स्विचवर चौकटीत ६००० किंवा १०००० असाही अंक असतो. तो पाहून कित्येकांचा गोंधळ होतो. तारा एकमेकींस चिकटून प्रचंड प्रवाह उसळल्यास किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह तो स्विच सुखरूप तोडू शकेल, हे तो अंक सांगतो. रोजच्या प्रवाहाशी त्याचा संबंध नाही.

तारतंत्र्याचे तोंडी आश्वासन हाही पुरावा नव्हे. पट्टीची रुंदी व जाडी मोजून बांधलेला अंदाज हा केवळ अंदाज होय. उघड्या हवेतील पट्टी जितका प्रवाह सोसते तितका बंद पेटीतील पट्टी सोसत नाही, कारण तिची उष्णता बाहेर पडण्यास वाव नसतो.

खरा पुरावा पुढीलप्रमाणे सांगता येईल.

एक, पेटीवरची नामपट्टी. अशा पेट्यांसाठी जे मानक आहे, आयएस/आयईसी ६१४३९, त्याप्रमाणे नामपट्टीवर निर्मात्याचे नाव वा चिन्ह, पेटीचा प्रकार अथवा ओळख-क्रमांक, निर्मितीची तारीख ओळखण्याची खूण आणि मानकाचा क्रमांक असावयास हवा. जुन्या पेट्यांवर त्याआधीच्या मानकाचा, म्हणजे आयएस ८६२३ चा, क्रमांक आढळेल.

दोन, निर्मात्याचे माहितीपत्रक. अँपिअरमधील क्षमता नामपट्टीवर नसेल, तर ती या पत्रकात असते. पत्रकातील प्रकार-क्रमांक व पेटीवरील क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. ‘याच कंपनीची, अशाच आकाराची’ एवढ्याने भागत नाही. हा जोड जुळविणे म्हणजेच क्षमता सिद्ध करणे होय.

तीन, निर्मात्याचा चाचणी-दाखला. पेटीत तापमान किती वाढते याची चाचणी घेऊनच तिचा अंक ठरविलेला असतो. सभोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये व दिवसाची सरासरी ३५ अंशांच्या वर नसावी, असे त्या चाचणीत गृहीत धरतात. म्हणून पश्चिमेच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली टांगलेल्या पेटीचा कागदावरील अंक खरा असला तरी जागा खोटी ठरते.

चार, एकरेषीय आकृती. मीटर, मुख्य स्विच, बसबार, सौर स्विच, इन्व्हर्टर व छपरावरील पॅनेल हे सर्व एका रेषेत काढून प्रत्येकाशेजारी त्याचा अंक लिहिलेली ही आकृती परवानाधारक ठेकेदाराच्या सहीची असावी. आकृतीतील अंक व भिंतीवरील वस्तू यांत फरक नसावा. निरीक्षक प्रथम ही आकृती हाती घेतो आणि तिच्यावरून वस्तू ताडून पाहतो.

पाच, खरेदीचे बिल, काम पूर्ण झाल्याचा अहवाल आणि नामपट्टीचे छायाचित्र.

पाटीच नसेल तर

शाळांतील कित्येक पेट्या जुन्या आहेत. पाटी गळून पडली असेल, किंवा भिंतीस रंग देताना तिच्यावरही ब्रश फिरला असेल. अशा वेळी क्रमाने प्रयत्न करावे. रंग हळूच पुसून पाहावा, पण खरवडू नये, नाहीतर अक्षरेही जातील. झाकणाच्या आतील बाजूस छापील कागद चिकटविलेला असतो, तो ठेकेदाराकडून पाहून घ्यावा. बांधकामाच्या वा वीजजोडणीच्या जुन्या फायलीत बिल शोधावे. बिलावरून विक्रेता व निर्माता कळल्यास त्यांच्याकडून त्या प्रकार-क्रमांकाचे पत्र मागवावे. एवढे करूनही काही न मिळाल्यास हट्ट धरू नये. अज्ञात क्षमतेची पेटी बदलणे हाच मार्ग. पाटी नसलेल्या पेटीवर कोणीतरी नवी पाटी रंगवून आणील, तर ती खोटी साक्ष होईल. तिच्याखाली मुले बसतात हे विसरता कामा नये.

कोकणच्या हवेचा विशेष

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि किनाऱ्याच्या गावांत हवेत खार असतो. कागदी पाटी येथे दोन-तीन पावसाळ्यांत निघून जाते. लोखंडी पाटी गंजते. म्हणून नवी पेटी घेताना कोरलेली वा ठशाची पाटी मागावी, आणि बसविल्या दिवशीच तिचे स्वच्छ छायाचित्र घेऊन ठेवावे. सौर पॅनेलही खाऱ्या हवेची चाचणी झालेली असावीत. त्या चाचणीचे मानक आयईसी ६१७०१ हे होय.

जांभ्या दगडाच्या सड्यावर अर्थिंगचा प्रश्न विशेष बिकट असतो. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की विजेस जमिनीत शिरू देत नाही. पावसाळ्यात घेतलेले अर्थिंगचे माप उत्तम असेल, पण मे महिन्यात तेच माप असमाधानकारक येईल. म्हणून माप कोरड्या दिवसांतही घेऊन नोंदवावे, आणि खड्ड्यास पाणी घालण्याचे काम कोणाकडे हे ठरवून द्यावे.

तिसरी गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा किती घरांतील वीजपेट्या पाण्याखाली गेल्या असतील याची कल्पना करावी. जी पेटी पुरात बुडाली तिची नामपट्टी शाबूत असली, तरी तिच्यावरील अंकावर विसंबता येत नाही. स्विचांत गाळ व बसबारवर गंज राहतो. अशी पेटी तपासून अथवा बदलून घेतल्यावाचून तिच्यावर सौर संच जोडू नये.

चौथी गोष्ट एका गैरसमजाची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. सौर संच असता तर शाळेत दिवे लागले असते, असे पुष्कळांस वाटते. परंतु महावितरणच्या तारांशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच, बाहेरची वीज गेली की आपण होऊन बंद पडतो. तो तसा बंद पडलाच पाहिजे. नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या हाती आपल्या छपरावरची वीज जाईल. छपरापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत मात्र दिवसाउजेडी दाब कायम असतो. तो कित्येकशे व्होल्टपर्यंत असू शकतो. मुख्य स्विच बंद केल्याने तो नाहीसा होत नाही.

कायदा व निरीक्षण

विद्युत निरीक्षकाची नेमणूक विद्युत अधिनियम २००३ मधील कलम १६२ अन्वये होते. सुरक्षेचे नियम पूर्वी १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते. त्यांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी घेतली, आणि २०२३ साली नवे विनियम आले. छपरावरील सौर संचांच्या जोडणीसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम आहेत. कोणत्या क्षमतेच्या संचास निरीक्षकाची प्रत्यक्ष भेट लागते व कोणत्या संचास ठेकेदाराचा दाखला पुरतो, याविषयीचे आदेश वेळोवेळी निघतात. म्हणून अर्ज करतानाच महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात ते लेखी विचारून घ्यावे.

निरीक्षणाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी एकच फाईल टेबलावर ठेवावी. वर सांगितलेला पाचही प्रकारचा पुरावा तीत क्रमाने असावा. हिशेबाच्या चार पायऱ्या एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून पहिल्या पानास जोडाव्या. निरीक्षकाने उणीव दाखविल्यास ती लेखी मागून घ्यावी, म्हणजे ठेकेदारास तेवढीच दुरुस्ती सांगता येते. काम संपल्यावर पेटी व संच यांची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत प्रकार-क्रमांकासह करावी. बदली होऊन येणाऱ्या पुढील मुख्याध्यापकास ती नोंद उपयोगी पडेल.

वर्गात पाठ कसा घ्यावा

पूर्वतयारी म्हणून विद्यार्थ्यांस घरातील पाच उपकरणांवरील वॉटचे अंक वहीत उतरवून आणण्यास सांगावे. अंक फक्त वाचावयाचा, उपकरण उघडावयाचे नाही, हे बजावावे. पाठाचा आरंभ साकवाच्या गोष्टीने करावा. मैदानावर दोन रेघांमधील जागा हा साकव कल्पून दोन बाजूंनी मुलांस मोजून सोडावे, म्हणजे बेरीज न केल्याचा परिणाम मुलांस आपल्या डोळ्यांनी दिसेल. नंतर फळ्यावर हिशेब घ्यावा. शेवटी शाळेची एकरेषीय आकृती मोठ्या कागदावर काढून घ्यावी. पेटी पाहावयाची ती हात मागे बांधून, चार पावले दूर उभे राहून.

प्रश्न व उपक्रम

१. एका ग्रामपंचायतीच्या पेटीचा मुख्य स्विच ३२ अँपिअरचा, बसबार ६३ अँपिअरचा आहे. तेथे २३० व्होल्टवर ५ किलोवॉटचा संच जोडावयाचा आहे. सौर स्विच किती अँपिअरचा लागेल? पेटी चालेल काय? (उत्तर : ५,००० ÷ २३० = २१.७. २१.७ × १.२५ = सुमारे २७.२, म्हणून ३२ अँपिअरचा स्विच. ३२ + ३२ = ६४. पेटी एका अँपिअरने अपुरी ठरते.)

२. वरील उदाहरणात “एकच अँपिअर अधिक आहे, चालवून घ्या” असे कोणी म्हटल्यास काय उत्तर द्याल? मुख्य स्विच बदलून मार्ग निघेल काय? त्यासाठी आधी कोणती माहिती लागेल?

३. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता किती पट होईल? तिप्पट झाल्यास?

४. पुरात बुडालेल्या पेटीची नामपट्टी स्पष्ट वाचता येते. ती पुरावा म्हणून का चालणार नाही?

५. उपक्रम : आपल्या शाळेच्या वीजपेटीविषयी कोणकोणते कागद उपलब्ध आहेत, याची यादी मुख्याध्यापकांच्या मदतीने तयार करा. जे कागद नाहीत त्यांच्यापुढे ते कोठून मिळतील हे लिहा.

समारोप

या पाठातून विद्यार्थ्याच्या हाती तीन गोष्टी पडाव्यात. एकेका वाटेचा हिशेब बरोबर असला, तरी सर्वांची बेरीज चुकू शकते. वस्तू चांगली असणे आणि ती चांगली असल्याचे दाखवून देता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि जो अंक ठाऊक नाही तो ठाऊक नाही असे सांगण्यात कमीपणा नाही. कल्पिलेल्या प्रसंगातील मुख्याध्यापकांनी “चाळीस” असे उत्तर दिले ते फसविण्याच्या हेतूने दिलेले नव्हते, पाहण्याची सवय नव्हती म्हणून दिले. ती सवय यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने लावून घ्यावी. पेटीजवळ उभे राहून पाटी वाचावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि ते फाईलला लावावे. या कामास अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.